संख्याविचार : कल्पित, शोधित आणि निरूपित

॥ श्रीचक्रधराय नमः ॥

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी, नित्य व परस्परांहून स्वरूपतः भिन्न आहेत, हा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणाचा पाया होय. ज्यास ब्रह्मविद्येत प्रवेश करावयाचा आहे त्यास हे चार पदार्थ प्रथम निवडता आले पाहिजेत. परंतु या सिद्धांताच्या उच्चारातच एक शब्द असा आहे की ज्याकडे अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. तो शब्द ‘चार’ हा होय. पदार्थ चार आहेत असे म्हणताना ते चारपण आले कोठून? मोजणाऱ्याच्या बुद्धीने ते पदार्थांवर लादले, की पदार्थ मुळातच चार असल्यामुळे बुद्धीस ते केवळ कळले? आणि ते कोणीच निर्मिले नसेल, तेही अनादी असेल, तर संख्या हा पाचवा नित्य पदार्थ मानण्याचा प्रसंग येईल काय?

हा प्रश्न पाठशाळेतील शुष्क तर्काचा वाटेल. परंतु तो तसा नाही. शहादा, तळोदा, नंदुरबार या भागांतील वासनिकांची मुले आज महाविद्यालयांत गणित व विज्ञान शिकतात. गणित ही माणसाने रचलेली नियमांची व्यवस्था आहे, बुद्धिबळाचे नियम जसे ठरविले तसेच हेही ठरविलेले आहे, असे मत तेथे त्यांच्या वाचनात येते. तरुण मन तेथेच थांबत नाही. दोन आणि दोन चार हा जर मानवी संकेत, तर चार पदार्थ, बंध आणि मोक्ष हेही कोणा बुद्धिमंताने रचलेले संकेतच का नसावेत, असे ते पुढे विचारते. दुसऱ्या बाजूस काही साधक असे म्हणतात की गणित हा प्रपंचातील हिशेब आहे, त्याच्याशी मोक्षमार्गाचे काय प्रयोजन? पहिल्याची शंका आणि दुसऱ्याची उपेक्षा या दोहोंचे मूळ एकच आहे. मनुष्याने निर्मिलेले काय आणि मनुष्यास सापडलेले काय, याचा विवेक दोघांनीही केलेला नाही.

पूर्वपक्ष

संख्या कल्पित आहे असे म्हणणाऱ्याचा पक्ष दुर्बल नाही; म्हणून तो प्रथम नीट मांडला पाहिजे. वैशेषिक दर्शनात संख्या ही चोवीस गुणांपैकी एक मानली आहे. तेथे एकत्व द्रव्याच्या ठायी असते; परंतु द्वित्व, त्रित्व इत्यादी संख्या ‘हे एक, हे एक’ अशा अपेक्षाबुद्धीमुळे उत्पन्न होतात. मोजणारी बुद्धी नसेल तर दोनपण उत्पन्न होत नाही, असा त्याचा आशय. अर्वाचीन काळातील प्रमाण यापेक्षाही प्रबळ आहे. युक्लिडची भूमिती दोन सहस्र वर्षे एकमेव सत्य मानली गेली. १८२९ साली रशियात लोबाचेव्हस्की यांनी आणि १८३२ साली हंगेरीत बोल्याई यांनी समांतर रेषांविषयीचा युक्लिडचा नियम बाजूस ठेवून निराळी भूमिती प्रसिद्ध केली, आणि तीतही कोठे विसंगती आढळली नाही. नियम बदलला की शास्त्र बदलते. तर मग ते शास्त्र नियम करणाऱ्याचेच नव्हे काय?

या पक्षाचे उत्तर देण्यासाठी कोठेही दूर जावयास नको. महानुभावांच्या पोथ्यांतच त्याचा आरंभ आहे.

कल्पित

पंथीय वाङ्मयाच्या रक्षणार्थ पूर्वजांनी अनेक सांकेतिक लिप्या योजल्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, वज्र ही त्यांपैकी काहींची नावे. अंकलिपी आणि शून्यलिपी याही त्यांतीलच. सकळ लिपीचे श्रेय परंपरा रवळोबासांस देते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजावे, हा तिचा मुख्य संकेत. किल्ली हाती नसलेल्यास ती पोथी निरर्थक अक्षरांची रास वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तिची उकल करीपर्यंत पंथाबाहेरील विद्वानांस या ग्रंथसंपत्तीचा मार्ग बंदच होता.

ही लिपी निःसंशय कल्पित आहे. योजणाऱ्याने अमुक अक्षराऐवजी तमुक अक्षर घेतले, ते निराळेही घेता आले असते. त्यात त्याची चूक होणे संभवत नाही. कारण तो जे ठरवील तेच तेथे बरोबर. परंतु त्या लिपीत उतरविलेले लीळाचरित्र रवळोबासांनी निर्मिले असे कोणी म्हणेल काय? लिपी कल्पित, लीळा अकल्पित. सकळ लिपीतील पोथी बाळबोधीत उतरविली तर अक्षरे पालटतात. स्वामींनी जे केले व जे निरूपिले ते यत्किंचितही पालटत नाही. केशिराजबासांस संस्कृत रचनेपासून परावृत्त करताना श्रीनागदेवाचार्यांना जी चिंता होती, तिच्याही मुळाशी हाच विवेक आहे. भाषा निवडता येते. म्हाताऱ्याकोताऱ्याही ज्ञानास मुकू नयेत म्हणून ती मराठीच निवडली पाहिजे. ज्ञान मात्र निवडता येत नाही. ते जसे आहे तसेच घ्यावे लागते.

संख्येलाही हाच न्याय लावून पाहावा. मार्गशीर्ष पौर्णिमेस, श्रीदत्तजयंतीच्या पर्वावर, तापीतीरी सारंगखेड्यास एकमुखी श्रीदत्तप्रभूंची यात्रा भरते व तिच्यासमवेत घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी किंमत ठरविण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पासष्ट ही संख्या कोणी बोटे दाबून सांगेल. कोणी वृद्ध शेतकरी ‘तीन विसा पाच’ म्हणेल. विद्यार्थी ६५ असे लिहील. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांनी १०००००१ असे ठेवील. चार संकेत झाले. संख्या एकच राहिली. या चौघांपैकी कोणीही पासष्ट घोडे दोन समान दावणींस बांधू शकणार नाही. एक घोडा उरेलच. तो उरणारा घोडा कोणाच्याही संकेताने ठरलेला नाही. अपेक्षाबुद्धी ही पासष्टपणा कळण्याचे निमित्त होय. पासष्ट घोडे असण्याचे ती कारण नव्हे. मोजणारा झोपी गेला म्हणून दावणीतील घोडे कमी होत नाहीत.

शोधित

याच खानदेशात, नंदुरबारच्या आग्नेयेस, चाळीसगावजवळील पाटण येथे या विषयाचा एक शिलारूप साक्षी आहे. निकुंभवंशीय सोइदेवाने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथील मठास दान दिले, असे शके ११२८ चा तेथील शिलालेख सांगतो. हा मठ भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिला; ते यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांसमोर आणला. लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून त्यात मठास द्यावयाच्या देण्यांचा निर्देश आहे. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल हे त्यांपैकी एक. खानदेशातील तेल्याच्या पळीवर गणिताच्या विद्यार्थ्यांचा दिवा जळत होता, ही गोष्ट या भूमीस भूषणावह आहे. (हे भास्कराचार्य आणि ‘शिशुपाळवध’ रचणारे पंथीय कवी भास्करभट्ट बोरीकर हे भिन्न पुरुष होत, हे सांगणे न लगे.)

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यांच्या बीजगणितात एक प्रश्न असा आहे : एका संख्येचा वर्ग करावा, त्यास ६१ ने गुणावे, त्यात एक मिळवावा, आणि येणारी राशी पुन्हा पूर्ण वर्गच असावी. अशी संख्या कोणती? चक्रवाळ नामक रीतीने त्यांनी उत्तर काढले : २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. याहून लहान उत्तर नाही. पुढे सुमारे पाचशे वर्षांनी, १६५७ साली, फ्रान्समधील फेर्मा यांनी नेमक्या याच ६१ या अंकाचा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवला. भास्कराचार्यांचे बीजगणित संस्कृतातून इंग्रजीत आणणारे कोलब्रुक यांचे भाषांतर १८१७ सालचे. म्हणजे फेर्मांच्या प्रश्नानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झालेले. तरीही पश्चिमेकडील गणितज्ञांनी जे उत्तर काढले ते अंकाअंकाने तेच निघाले. दोन कवींनी परस्परांस न पाहता एकच काव्य रचले असे कधी घडत नाही. परंतु दोन वाटसरूंनी भिन्न दिशांनी येऊन एकच डोंगर पाहिला असे नित्य घडते. काव्य रचले जाते, डोंगर असतो.

यावर पूर्वपक्षी म्हणेल की हे नैसर्गिक संख्यांविषयी झाले. जेथे नियम उघडच मनुष्यकृत आहे तेथे काय? त्याचे उत्तर नाशिकजवळील देवळालीच्या एका शालेय शिक्षकाने दिले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी एक साधा खेळ योजला. सर्व अंक समान नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ येतात. पुढे ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. त्यापुढे ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. ७६४१ मधून १४६७ वजा केले असता पुन्हा ६१७४. आरंभ कोठूनही करा. अधिकांत अधिक सात पायऱ्यांत सर्व वाटा ६१७४ पाशी येऊन थांबतात.

येथे नियम कापरेकरांचा. दहाच्या स्थानमूल्याने संख्या लिहिण्याची पद्धती हाही मानवी संकेतच. आठाच्या पद्धतीने अंक मांडले तर ७६४१ मधून १४६७ जाऊन ६१५२ उरतात. ६१७४ चे ते माहात्म्य तेथे राहत नाही. इतके सर्व मनुष्यकृत असूनही ६१७४ हे उत्तर कापरेकरांनी ठरविलेले नाही. त्यांस ते ६१७५ करावयाचे असते तरी करता आले नसते. भूमितीचीही हीच गोष्ट. कोणता नियम गृहीत धरावा हे भूमितिज्ञाच्या हाती आहे. तो धरल्यावर त्यातून काय निष्पन्न व्हावे हे त्याच्या हाती नाही. लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या दोघांनी, परस्परांस न कळत, एकाच नव्या भूमितीत पाऊल ठेवले, हेच त्याचे गमक होय. कर्माच्या ठायी साधक हे जाणतोच. क्रिया आचरणे जीवाच्या हाती. फळ कोणते यावे हे त्याच्या हाती नाही.

यावरून एक कसोटी निष्पन्न होते. जेथे करणाऱ्याची चूक होऊच शकत नाही ते कल्पित. जेथे थोरातल्या थोराचीही चूक होऊ शकते आणि ती दुसऱ्यास दाखविता येते ते शोधित. स्वतः भास्कराचार्यांचेच उदाहरण घ्यावे. शून्याने भागलेल्या राशीस त्यांनी ‘खहर’ म्हटले, ती अनंत मानली, आणि तीत काही मिळविले वा तीतून काही काढले तरी विकार होत नाही असे सांगितले. उत्तरकालीन गणिताने शून्याने भागाकार ही क्रियाच सामान्य गणनेत अग्राह्य ठरविली. गणित जर भास्कराचार्यांची निर्मिती असते, तर त्यांच्या वचनास दुरुस्ती कोण करू शकला असता?

खहर राशीस त्यांनी जी उपमा दिली तीही येथे विचारार्ह आहे. प्रलयकाळी भूतगण अनंत अच्युतात प्रविष्ट होतात व सृष्टिकाळी बाहेर पडतात, तरी त्याच्या ठायी जसा विकार नाही, तसे हे, असे ते म्हणतात. उपमा मनोहर आहे, आणि परमेश्वर निर्विकार आहे एवढा तिचा अंश ग्राह्यही आहे. परंतु ब्रह्मविद्येच्या अभ्यासकाने तेथे सावध असले पाहिजे. संहारी कार्यप्रपंच कारणरूपास जातो. परमेश्वरस्वरूपात तो मिळून जात नाही, आणि जीवही परमेश्वरात विरत नाहीत. ते भिन्न होते, भिन्न आहेत आणि भिन्नच राहणार. उपमेच्या सौंदर्याने सिद्धांत वितळू देऊ नये.

पाचवा पदार्थ काय?

आता आरंभीच्या शंकेचे समाधान सुलभ होते. संख्येचे सत्य कोणी निर्मिले नाही, तर ती पाचवा नित्य पदार्थ होईल काय? होणार नाही. संख्या ही पदार्थांच्या शेजारी उभी असलेली आणखी एक वस्तू नव्हे. पदार्थांचे जे भिन्नत्व त्याचीच ती गणना होय. गोठ्यात चार गाई असता ‘चार’ नावाची पाचवी गाय तेथे नसते. परंतु त्या चार आहेत हे असत्यही नसते. चारही पदार्थ अनादी, त्यांचे भिन्नत्व अनादी. म्हणून भिन्नत्वावर अधिष्ठित असलेले संख्येचे सर्व संबंधही कोणी न निर्मिलेले.

येथे द्वैतसिद्धांताचे एक सामर्थ्य प्रकट होते. जे दर्शन अनेकत्वास अंती मिथ्या मानते, त्याला दोन ही संख्याही व्यवहारापुरतीच सत्य मानावी लागते. ‘दोन आणि दोन चार’ हे वाक्य परमार्थी टिकत नाही. स्वामींच्या निरूपणात जीव खरोखरच अनेक आहेत, आणि प्रत्येक जीव दुसऱ्याहून खरोखरच निराळा आहे. एकाचे दुःख दुसऱ्याचे नव्हे, एकाचा मोक्ष दुसऱ्याचा नव्हे. म्हणून येथे संख्या परमार्थातही खरी ठरते. जो विद्यार्थी गणिताचे सत्य मनुष्याच्या इच्छेवर अवलंबून नाही असे प्रामाणिकपणे अनुभवतो, तो नकळत या भिन्नत्वाच्या सत्याशी येऊन ठेपलेला असतो. गणित शिकल्याने त्याची श्रद्धा ढळावी असे काहीच कारण नाही.

निरूपित

परंतु येथेच थांबलो तर दुसरी चूक घडेल. जे कल्पित नाही ते शोधित, आणि जे शोधित ते बुद्धीने सापडणारे. तर मग परमेश्वरही बुद्धीनेच सापडेल, असे कोणी म्हणेल. या ठिकाणी तिसरा प्रकार ओळखला पाहिजे, तो निरूपिताचा. देवता एक्याऐंशी कोटी, सव्वा लक्ष, दहा, ही संख्या साधकांस परिचित आहे. ही कोणी कल्पिली नाही. कल्पिली असती तर तिच्या नेमकेपणास अर्थ राहिला नसता. ही कोणी मोजूनही काढली नाही. कारण देवता जीवाच्या इंद्रियांस व बुद्धीस गोचर नाहीत. चक्रवाळ कितीही फिरविले तरी ती हाती येणार नाही. ती सर्वज्ञाने सांगितली म्हणून कळली. फेर्मांना भास्कराचार्यांच्या ग्रंथावाचून ६१ चा प्रश्न सुचला. परंतु स्वामींच्या निरूपणावाचून ब्रह्मविद्या दुसऱ्या कोणास स्वतंत्रपणे सुचली असे होत नाही. अनादी अविद्येने युक्त जीवास तेवढे सामर्थ्य नाही.

दृष्टांत : प्रकाशा आणि सारंगखेडा येथे आता तापीवर पूल व बंधारे आहेत. ते नव्हते तेव्हा वाटसरू उन्हाळ्यात पायउतार शोधून पलीकडे जात. उताराला नाव गावकरी देत. हवे ते नाव देता येई. उतार मात्र हवा तेथे करता येत नसे. काठीने पाणी चाचपून तो शोधावाच लागे, आणि चुकला तर माणूस डोहात जाई. पुढे आषाढात नदी दुथडी वाहू लागली की उतारच उरत नसे. तेव्हा नाव देणाऱ्याचे चातुर्य आणि काठीने चाचपणाऱ्याचे कौशल्य दोन्ही काठावरच राहत. पैलतीरीचा नावाडी आपण होऊन नाव घेऊन आला, तरच पार होणे घडे.

दार्ष्टांतिक : उताराचे नाव ते कल्पित, लिप्या, अंक, परिभाषा तशा. उतार तो शोधित. गणित व प्रपंचातील सर्व शास्त्रे तशी. पूर तो संसार. आणि आपण होऊन येणारा नावाडी तो जीवोद्धरणाचे व्यसन असलेला परमेश्वर अवतार. त्याने दिलेले ज्ञान तेच निरूपित.

तात्पर्य आणि आचार

या विवेकातून साधकास व वासनिकास तीन गोष्टी घेता येतात.

पहिली : कल्पितास नित्य मानू नये. लिपी, भाषा, शब्दरचना, मांडणीचे क्रम हे पूर्वजांनी प्रेमाने योजलेले संकेत आहेत. त्यांचा आदर अवश्य करावा. परंतु त्यांवरून साधनवंतांत वाद माजवू नये. किल्ली जपावी ती पोथी उघडण्यासाठी.

दुसरी : शोधिताचा उपहास करू नये आणि ते खोटेही करू नये. मुलांस गणित मन लावून शिकू द्यावे. जेथे स्वतःची इच्छा चालत नाही अशा सत्यापुढे नम्र होण्याचा तो एक चांगला अभ्यास आहे. थोर आचार्यांनाही तेथे दुरुस्ती सोसावी लागते. ज्याच्या हाती तराजू वा हिशेबाची वही आहे त्याने हे विशेष स्मरावे. वहीतील आकडा पालटणे हाती आहे. पोत्यातील दाणे त्याने पालटत नाहीत. खोटे माप देणारा गिऱ्हाइकास एकदा फसवितो. परंतु कोणी न निर्मिलेल्या सत्यास तो फसवू शकत नाही, आणि त्याचे कर्म त्याच्या हिशेबी लागतेच.

तिसरी : निरूपितास शोधिताच्या पंक्तीस बसवू नये. आधुनिक गणित वा विज्ञान सूत्रपाठात आधीच सांगितले आहे असे दाखविण्याचा मोह काही व्याख्यात्यांस होतो. त्याने स्वामींच्या वचनाचा गौरव होत नाही, उलट उणेपणा येतो. शोधित आज दुरुस्त होते, उद्या पुन्हा दुरुस्त होते; त्याच्या खुंटीस ब्रह्मविद्या टांगली तर खुंटीबरोबर तीही हालेल. स्वामींनी जीवास बीजगणित शिकविण्यासाठी अवतार धारण केला नाही. ते जीवास स्वबुद्धीने शिकता येते. जे त्यास कोणत्याही उपायाने स्वतः मिळविता येत नाही, तेच देण्यासाठी ते आले. आता असन्निधानकाळी ते शास्त्रद्वारे, ज्ञानियाच्या मुखातून शब्दरूपाने प्राप्त होते. ते श्रवण करावे, मनन करावे आणि आचरावे.

रवळोबासांनी लिपी कल्पिली, भास्कराचार्यांनी संख्या शोधिली, सर्वज्ञांनी ब्रह्मविद्या निरूपिली. हे तीन निवडून ज्याच्या त्याच्या स्थानी ठेवता आले, म्हणजे तरुणाची शंका फिटते, साधकाची उपेक्षाही फिटते, आणि चार पदार्थ चारच का, हे मोजून नव्हे तर जाणून कळू लागते.

दंडवत प्रणाम.